हिज्कीयाचे तीस किक्कार सोने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उत्खननांनी बायबल अक्षरशः खरे ठरवले, असा सूर लावणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. मी ख्रिस्ती आहे, संडे स्कूलपासून या कथा ऐकत वाढलो. तरी तो सूर खटकला. शिवाय सगळ्यांत बोलका पुरावा लेखकाने एका ओळीत उरकला आहे.

इ. स. पू. ७०१ मध्ये आजच्या इराकमधील अश्शूर साम्राज्याचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर (राजधानी यरुशलेम) चालून आला. बायबलमधील ‘२ राजे’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायानुसार त्याने तटबंदीची नगरे घेतली, यहूदाचा राजा हिज्कीया याने, सन्हेरीबाचा तळ होता त्या लाखीश नगराला निरोप धाडून चूक कबूल केली आणि तीनशे किक्कार (वजनाचे जुने माप) रुपे म्हणजे चांदी व तीस किक्कार सोने दिले. त्यासाठी मंदिराच्या दारांचे सोने खरवडावे लागले. आपल्याच राजाची ही नामुष्की यहूदी लेखकाने झाकलेली नाही.

आता शत्रूची वही उघडू. सन्हेरीबाने सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभांवर ही मोहीम लिहवून ठेवली. त्यातला एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ४६ नगरे जिंकली, हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, खंडणी उकळली. सोने तीसच! रुपे मात्र आठशे. (आकडा कोणी फुगवला की कोणी दडवला, देव जाणे.) यरुशलेम घेतले, असे तो म्हणत नाही. आपली राजधानी निनवे येथील राजवाड्यात त्याने कोरवून घेतला तो लाखीशचा पाडाव, आणि लाखीशला खणल्यावर अश्शूरी फौजेने तटाला भिडवलेला चढही सापडला. एकमेकांच्या वैऱ्यांनी लिहिलेल्या दोन हकिगती इतक्या जुळतात, तिथे इतिहास आहे असे म्हणायला हरकत नाही.

पण यरुशलेम वाचले कसे? बायबल म्हणते, परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० सैनिक मारले. तिथे कुदळीचे काम संपते. मी ते मानतो ते श्रद्धेने, उत्खननाच्या अहवालामुळे नव्हे. तेल दान येथे १९९३ मध्ये मिळालेल्या शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ आहे, दावीद राजाने मारलेला महाकाय गल्याथ नाही. कैसरियात १९६१ मध्ये येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात याच्या नावाचा दगड मिळाला. त्यावरून सुभेदार खरा ठरतो, पुनरुत्थान नव्हे.

आणि बायबलनुसार यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोकांपुढे ज्याचे तट कोसळले, त्या यरीहो नगराबद्दल लेखात चकार शब्द नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे खणले. पडलेले तट सापडले, पण ते यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या कितीतरी आधीचे निघाले. गैरसोयीचा पुरावा गाळला, की सोयीच्या पुराव्यावरही लोक शंका घेतात.

जाता जाता एक दुरुस्ती. यरुशलेममधील शिलोह या पाण्याच्या भुयारातला शिलालेख यरुशलेमच्या संग्रहालयात असल्याचे छापले आहे. तो १८८० मध्ये सापडला तेव्हा तिथे उस्मानी (तुर्की) अंमल होता. मूळ दगड आज इस्तंबूलला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर