साथीच्या गोष्टीत मेलेल्यांना अडाणी ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीत जुन्या साथींवरच्या कथा येऊ लागल्या, त्याबद्दल मनापासून आभार. कोरोनात ज्यांची शाळा घरातल्या मोबाइलवर भरली, ती मुले आता स्वतः वाचू लागली आहेत. शेजारच्या काकांना न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स त्यांना आठवते. या गोष्टी त्यांना लगेच भिडतात. म्हणूनच एक तक्रार आग्रहाने मांडते आहे.

नागपूरच्या महाल भागातल्या एका छोट्या वाचनालयात मी शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. मध्यंतरी पुण्याच्या १८९७ च्या प्लेगवरची एक कथा वाचायला घेतली. त्यातला बारा वर्षांचा नायक आजीला समजावतो, की उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो. आजी मात्र नवस बोलत बसलेली. पाचवीतल्या एका मुलीने मला तिथेच थांबवले. म्हणाली, "त्याला माहीत होतं, तर मग एवढी माणसं मेलीच कशी? बाकीचे ऐकत नव्हते का?"

तिचे काय चुकले? शहाणे वाचले आणि अडाणी मेले, असेच ती कथा सांगत होती.

१८९७ मध्ये पिसवांचे हे पुण्यात कोणाला ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत ते दाखवले, आणि त्यांचेही म्हणणे तज्ज्ञांनी पुढे कित्येक वर्षे मानले नाही. उलट त्या काळच्या आजीला एक गोष्ट पक्की कळत होती: घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे. लोक माळावर झोपड्या टाकून राहिले ते याच अनुभवावर. दवाखान्याची भीतीही उगाच नव्हती. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या हुकमाने गोरे सोजीर थेट माजघरात शिरत, सामान रस्त्यावर फेकत, घरच्या माणसाला उचलून छावणीत नेत. प्लेगच्या लसीचेही तसेच. ती बनवणाऱ्या हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. अशी बातमी कानावर आलेली आई पोराला कणगीआड लपवते, तेव्हा लेखकाने तिच्याशेजारी उभे राहून लिहावे. पुढच्या शंभर वर्षांचे ज्ञान नायकाच्या तोंडी घातले, की तिची बाजू मुलांना कधीच कळत नाही.

सावित्रीबाई फुल्यांना तरी कुठे सगळे ठाऊक होते? पुण्याजवळच्या मुंढव्याहून प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. हा रोग लागला तर माणूस जातो, एवढे त्या जाणून होत्या, आणि तरी गेल्या. १० मार्च १८९७ ला प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. 'देवाघरी गेल्या' असे मी म्हणत नाही, वारल्या असे स्पष्ट सांगते. मुले जरा वेळ गप्प बसतात, मग कोणीतरी विचारतेच, "आणि तो मुलगा?" तो वाचला.

आता आपल्या नागपूरकडे येते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने, म्हणजे लोक जिला मानमोडी म्हणत त्या साथीने, देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली असे अभ्यासक मानतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला तिचा तडाखा फार मोठा बसला. त्यात त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. ही साथ विशीतिशीतली धडधाकट माणसे उचलत होती, त्यामुळे मागे राहिली ती म्हातारी माणसे आणि लेकरे. मुलांसाठी लिहिणाऱ्याला याहून मोठा विषय कोणता हवा? नायक इतवारीतला असू द्या, बाप एम्प्रेस मिलमध्ये कामाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांमागे पळत "रोगराई घेऊन जा गे मारबत" असे बेंबीच्या देठापासून ओरडतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप त्याच्याच घरात शिरतो. हा रोग कशाने होतो, हे त्याला कोणी सांगू शकणार नाही, कारण डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हते. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला तो १९३३ मध्ये. पोराला एवढेच कळेल की आजीला पाणी द्यायचे आहे आणि धाकटीला सांभाळायचे आहे.

अशी कादंबरी आपण बालपुरवणीत क्रमशः छापावी, ही विनंती. त्याआधी वाचकांकडून आठवणी मागवाव्यात. मानमोडीत आईबाप गेलेल्या लेकरांची मुले आज ऐंशी-नव्वदीत आहेत, आणि त्यांनी ते घरात ऐकलेले आहे. आमच्या वाचनालयातली मोठी मुले घरोघरी जाऊन ते लिहून आणायला तयार आहेत.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर