अप्पा बळवंत चौकातल्या काका-पुतण्याचे आभार

बाबांची पुस्तकं विकायला निघाले होते. त्यांत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथाच जास्त. अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे टेम्पो बंद पडला, वर धो धो पाऊस. खालची खोकी भिजून फाटली. जुन्या पुस्तकांच्या दुकानातले काका आणि त्यांचा पुतण्या ताडपत्री घेऊन धावत आले, सगळं आत नेलं आणि ओल्या पानांत वर्तमानपत्राचे तुकडे सरकवत बसले. गिऱ्हाइकं ताटकळली, पण हे उठले नाहीत.

एका भडक मुखपृष्ठाच्या कादंबरीत (बुरखेवाला, रक्ताळलेला सुरा, किंचाळणारी बाई) बाबांनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘खुनी मुनीम आहे.’ काका खो खो हसले. “ताई, ही आता कोण घेणार?”

तरी तिचेही पैसे दिले. भिजलेल्यांचेही कापले नाहीत. दोघांचे मनापासून आभार!