परीक्षेचा हॉल

मेलबर्न, रविवार

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचल्यापासून दोन दिवस दुसरं काही सुचत नाहीये. वाचनालयाचं सभागृह पाडून तिथे गाळे काढायचं जवळजवळ ठरलंय आणि बैठकीत विरोधात बोलणारा तू एकटाच. आपण दोघं त्या व्यासपीठावर वक्तृत्व स्पर्धेत पाय लटपटत उभे राहिलो होतो. गळक्या कौलांखाली बादल्या मांडून कीर्तन ऐकलं होतं. ‘वर्षातून चार दिवस वापरायला एवढी जागा अडवायची कशाला?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, असं तू विचारलंयस. त्यावर मी तुला इथल्या एका इमारतीबद्दल लिहितो.

कार्लटन बागेत रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग आहे. मी इथे शिकायला आलो तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा तिथे व्हायच्या. आत पाऊल टाकलं तर नजर पोचेल तिथवर बाकांच्या रांगा, दोन्ही बाजूंना सज्जे, रंगवलेल्या कमानी आणि मधोमध तो घुमट. पहिल्या पेपरला मी प्रश्नपत्रिका पुढ्यात घेऊन वरच बघत बसलो होतो. एवढ्या देखण्या वास्तूत माझ्यासारख्या परक्या पोराला पेपर लिहायला बसवतात, याचंच मला अप्रूप वाटलं.

इमारत १८८० सालची. सोन्याच्या खाणींनी हे शहर एकाएकी श्रीमंत झालं होतं आणि जगाला ते दाखवायचं होतं. जोसेफ रीड या वास्तुविशारदाने आराखडा काढला, घुमटासाठी फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा आदर्श ठेवला. फेब्रुवारी १८७९ मध्ये कोनशिला बसली आणि १ ऑक्टोबर १८८० ला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडलंसुद्धा. दहा लाखांहून जास्त लोक येऊन गेले. १८८८ मध्ये दुसरं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा विजेचे दिवे लावून ते रात्रीही चालू ठेवलं होतं.

खरा प्रश्न त्यानंतर आला. प्रदर्शनं संपली, आता एवढ्या जागेचं करायचं काय? तुझ्या बैठकीतला प्रश्न, दिगू, जसाच्या तसा. सिडनीत १८७९ मध्ये असाच एक महाल प्रदर्शनासाठी उभा राहिला होता, तो तीनच वर्षांत जळून गेला. लंडनचा क्रिस्टल पॅलेस १९३६ मध्ये जळाला. मेलबर्नची ही वास्तू मात्र पडेल ते काम करत राहिली.

९ मे १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचं उद्घाटन याच घुमटाखाली झालं, सुमारे १२,००० लोकांच्या साक्षीने. त्याच संसदेने त्याच वर्षी स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. कुठल्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घ्यायचं आणि आपल्यासारख्या माणसाला त्यात नापास करून परत पाठवायचं! श्रुतलेखनाची ती अट १९५८ पर्यंत टिकली. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळलं तेव्हा माझं ते बाक आठवलं आणि घशाशी आवंढा आला. मीही तिथे परीक्षाच देत होतो, पण माझी परीक्षा मला आत घेण्यासाठी होती.

केंद्राची संसद व्हिक्टोरिया राज्याच्या विधानभवनात बसू लागली, म्हणून राज्याची संसद १९२७ पर्यंत या इमारतीच्या पश्चिमेकडच्या जोडइमारतीत बसली. १९१९ च्या इन्फ्लुएंझात इथे रुग्णालय झालं. दुसऱ्या महायुद्धात हवाई दल राहिलं, युद्धानंतर आवारात स्थलांतरितांचा तळ पडला. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि बास्केटबॉल इथेच झालं. आणि २०२१ मध्ये कोरोनाची लस घ्यायला मी रांगेत उभा राहिलो तोही याच हॉलमध्ये. टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं बसायला सांगितलं. समोर तेच घुमटाचे चार खांब. शंभर वर्षांपूर्वी इथेच तापाने फणफणलेली माणसं पडली असतील, असं मनात आलं. आईला फोन लावला तर मला बोलताच येईना.

तरी हे सगळं सुखासुखी झालं असं समजू नकोस. मधल्या काळात लोक हिला पांढरा हत्ती म्हणायचे. १९४८ मध्ये पाडायची की ठेवायची यावर मतदान झालं आणि अगदी थोडक्यात वाचली. मत्स्यालयाचा भाग १९५३ मध्ये जळाला. देखणा बॉलरूम १९७९ मध्ये पाडला, त्याची हळहळ इथली जुनी माणसं अजून करतात. आतल्या भिंतींवरची चित्रं रंगाखाली दडपली गेली होती, ती खरवडून, शोधून १९०१ ची सजावट पुन्हा उभी करायला १९९० चं दशक उजाडलं. २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं; ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही इमारतीला तो मान पहिल्यांदाच मिळाला. एकोणिसाव्या शतकातल्या त्या मोठ्या प्रदर्शनांचा मुख्य हॉल इथे अजून उभा आहे आणि त्यात अजून प्रदर्शनं भरतात, हे त्यात फार मोलाचं ठरलं. दरवर्षी फुलांचं प्रदर्शन भरतं, आमची सगळी फौज जाते. घुमटाभोवतीचा सज्जाही २०२२ पासून पुन्हा उघडलाय. मी चढून आलो. वारा सोसाट्याचा होता.

म्हणून दिगू, बैठकीत वारसा, परंपरा यावर भाषण करू नकोस. सभागृहाचं कुलूप काढायला लाव. स्पर्धा परीक्षेची पोरं एसटी स्टँडवर बसून अभ्यास करतात असं तूच मागे लिहिलं होतंस. त्यांना सकाळी सहा ते दहा तिथे बसू दे. रक्तदान शिबिर, भजनी मंडळ, बचत गटांचं दिवाळीचं प्रदर्शन, जे येईल त्याला हो म्हण. महिन्यातले वीस दिवस तिथे माणसं आली, की ‘चार दिवस’ म्हणणाऱ्याला उत्तर तीच माणसं देतील. तुला एकट्याला बोलावं लागणार नाही.

कौलांचा खर्च किती, ते सुतार-गवंड्याला दाखवून मला कळव. वाशांचे आणि आढ्याचे फोटो पाठव, मी माझा वाटा लगेच पाठवतो. संक्रांतीला येतोय, तेव्हा शिडीवर चढायला मी आहे. पुढची बैठक कधी आहे, तेवढं आधी लिही.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझाच,
अवि