दगडफुलातले बॅक्टेरिया आणि एका सेमिस्टरचा प्रोजेक्ट

संपादक साहेब, नमस्कार.

अंटार्क्टिकाची बातमी आली की बर्फ, पेंग्विन आणि आपली मैत्री-भारती स्टेशनं एवढंच वाचायला मिळतं, तिथल्या उघड्या खडकावर वाढणाऱ्या दगडफुलाच्या आत कोण राहतं यावर कुणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी मुंबईतल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते.

दगडफूल म्हणजे गोड्या मसाल्यातलं, लालबागच्या मसाला गल्लीत मिळतं तेच, बरंचसं हिमालयाकडून येतं. एक बुरशी आणि एक शेवाळ जोडीने राहतात असं शाळेत शिकवतात, ते खरंय पण अर्धवट आहे कारण त्याच्या एका ग्रॅममध्ये बॅक्टेरिया कोट्यवधी असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना अजून नावच नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांना दगडफुलांच्या डीएनएमध्ये रायझोबियमच्या, म्हणजे कडधान्यांच्या मुळांच्या गाठींत राहणाऱ्या बॅक्टेरियाच्या, नात्यातला एक नवाच गट दिसला, एलएआर१ म्हणून त्याची नोंद झाली, पण तेव्हा हातात होता तो फक्त डीएनए. या गटातला बॅक्टेरिया प्लेटवर, म्हणजे बशीतल्या पोषक जेलीवर, वाढवून त्याला रीतसर नाव मिळालं २०१९ मध्ये, लायकेनिहॅबिटान्स सोरोमॅटिस, कोरियन लोकांनी अंटार्क्टिकाच्या दगडफुलातून काढला. म्हणजे मधे दहा वर्षं गेली!

वेळ का लागतो ते आमच्या लॅबमध्ये येऊन बघा. नेहमीच्या न्यूट्रिएंट अगार या भरपूर खाद्याच्या जेलीवर, ३७ डिग्रीला, भराभर वाढणारे उपरे दोन दिवसांत प्लेट भरून टाकतात आणि हे थंडीतले बिचारे खाली दबून जातात, त्यांना आर२एसारखं कमी खाद्याचं मीडियम लागतं, १०-१५ डिग्रीचा बीओडी इनक्यूबेटर (तापमान थंड राखणारं कपाट) लागतो आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनेसुद्धा वाट बघावी लागते. नुसता वाढला म्हणजे झालं असंही नाही. १६एस जीन (बॅक्टेरियाची ओळख पटवायला वापरतात तो) ओळखीच्या स्पीशीजशी ताडायचा, साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली जुळला तर नवा असण्याची दाट शक्यता, मग अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, काढून जवळच्या नातेवाइकाशी एएनआय (दोन जीनोम सरासरी किती जुळतात तो आकडा) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आहे ना ते बघायचं, फॅटी ॲसिड्स, कोणती साखर खातो, किती थंडीत वाढतो हे सगळं करायचं, आणि शेवटी जिवंत कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला तो बॅक्टेरिया, दोन वेगवेगळ्या देशांतल्या जीवाणूसंग्रहांमध्ये जमा करायचं, तेव्हा कुठे नाव पक्कं होतं. २०२२ पासून सेककोड या नव्या नियमावलीमुळे नुसत्या जीनोमवरूनही नाव देता येतं, ते चांगलंच झालं, पण तो बॅक्टेरिया दगडफुलासाठी नक्की काय करतो, फॉस्फेट विरघळवून देतो की रोगट बुरशीला अडवतो, हे कल्चर हातात असल्याशिवाय कसं तपासणार?

आणि आमच्याकडे एमएस्सीचा प्रोजेक्ट एका सेमिस्टरचा! त्यात परीक्षा, सुट्ट्या, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) बंद पडणं. साहजिकच मुलं दही नाहीतर गटाराचं पाणी घेतात कारण तिथे लगेच काहीतरी उगवतं. माझी एक विद्यार्थिनी दगडफूलच करायचं म्हणत होती, हुशार मुलगी, पण कॉलनी (प्लेटवर बॅक्टेरियाचा ठिपका) दिसायच्या आधीच रिपोर्ट द्यायची तारीख येईल म्हणून तिला विषय बदलावा लागला, याचं मला फार वाईट वाटतं.

मसाल्याचं वाळवलेलं, शंभर हात लागलेलं दगडफूल यासाठी चालत नाही, ताजं सॅम्पल हिमाचल-उत्तराखंडातून वनखात्याची परवानगी घेऊन, थंड पेटीतून आणावं लागतं, तेही मान्य. पण बाकी तर जवळच आहे ना! दगडफुलांचं हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) पुण्याला आघारकर संस्थेत आहे, कल्चर ठेवायला एनसीएमआर हे जीवाणू जपणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच.

तेव्हा विद्यापीठाने थंडीतल्या जीवाणूंवर काम करणाऱ्यांना तरी वर्षभराचा प्रोजेक्ट द्यावा, आणि तीन-चार कॉलेजांनी मिळून एक थंड इनक्यूबेटर घेतला तरी चालेल, प्लेटा सांभाळायची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे.

एक शिक्षिका, मुलुंड