तुकड्यातुकड्यात तिकीट काढा, पण पुढचंही सांगा ना!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला युरोपात रेल्वेने फिरण्यावरचा लेख वाचला. फोटो झकास, खर्चाचा हिशोबही कामाचा, पण 'लांबचं तिकीट तुकड्यातुकड्यात काढा, स्वस्त पडतं' हा सल्ला वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. स्वस्त पडतं हे कबूल, पण मधली गाडी चुकली तर काय याबद्दल लेखात एक ओळ नाही, आणि आपल्याकडून जाणारी निम्मी मंडळी साठीच्या पुढची, सोबत चार बॅगा.

समजा फ्रँकफर्टहून मिलानला निघालात, बासेलला गाडी बदलायचीय. सगळा प्रवास एकाच करारात असेल, म्हणजे ज्याला तिकडे थ्रू तिकीट म्हणतात, तर बासेलची गाडी चुकली तरी पुढे पोचवायची जबाबदारी रेल्वेची, आणि उशीर मोजतात तो मिलानचा, बासेलचा नाही. तासाभराच्या वर उशीर झाला की २५ टक्के परत, दोन तासांवर ५०. पण दोन वेगळी तिकिटं असली की दोन वेगळे करार, पहिली कंपनी म्हणणार आम्ही बासेलला सोडलं, दुसरी म्हणणार आमची गाडी वेळेवर सुटली, तुम्हीच नव्हता.

कायदा नाही असं नाही हं. देशोदेशीच्या रेल्वेमालासाठी बर्न करार १८९० चा आहे, विमानं उडायच्याही आधीचा! आज त्याच्या जागी कोटिफ नावाचा करार आहे, तो सांभाळणारी ओटिफ ही संस्था अजून बर्नलाच, आणि प्रवाशांसाठीचे त्यातले नियम म्हणजे सीआयव्ही. त्यावर युरोपियन युनियनचा स्वतःचा नियम, तो जून २०२३ पासून नवा झाला. पण गंमत बघा, थ्रू तिकीट देण्याची सक्ती फक्त एकाच कंपनीच्या किंवा तिच्या पूर्ण मालकीच्या कंपन्यांच्या गाड्यांना. दोन देशांच्या दोन कंपन्या असतील तर प्रयत्न करा म्हटलंय, बस. म्हणजे जिथे गरज सगळ्यात जास्त तिथेच कायदा ढिला. माझ्या मते हे कंपन्यांच्या दबावाशिवाय झालेलं नाही.

त्याच २०२३ च्या नियमाने अजून एक काढून घेतलं. आधी वादळ असो की पूर, भरपाई द्यावीच लागायची, युरोपच्या कोर्टाने २०१३ मध्ये ऑस्ट्रियन रेल्वेच्या केसमध्ये तसं स्पष्ट सांगितलं होतं. आता अशा वेळी कंपन्यांना भरपाईतून सूट आहे. नशीब, स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप हे कारण अजून चालत नाही.

वेगळी तिकिटं असलेल्यांसाठी कंपन्यांनी आपापसात एक करार केलाय, एजेसी म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात, मधे पुरेसा वेळ ठेवूनही आधीच्या गाडीच्या उशिरामुळे कनेक्शन चुकलं तर त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीत बसू देतात. पैसे परत नाहीत, फक्त बसू देतात. सगळ्या कंपन्या त्यात नाहीत, आणि काउंटरवरच्या माणसाला तो माहीत असेलच असंही नाही, त्यामुळे उशीर झालेल्या गाडीतल्या टीसीकडून तिकिटावर तसं लिहून किंवा शिक्का मारून घ्यायचा, उतरायच्या आत.

आपल्याकडे २०१९ पासून दोन पीएनआर जोडता येतात, पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कॅन्सलेशन चार्ज न कापता मिळतात. अर्थात आपल्याकडे मालक एकच, तिकडे डझनभर, तरी युनियन एक म्हणवता तर एवढं जमायला काय हरकत होती?

तेव्हा पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा बाजूला छोटी चौकट द्या: पैसे भरायच्या आधी तिकीट थ्रू आहे की वेगवेगळे करार आहेत ते बघा, ते आधी सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. एजंटने स्वतःहून तिकिटं जोडून एका व्यवहारात विकली आणि हे सांगितलंच नाही, तर कनेक्शन चुकल्यावर सगळे पैसे परत आणि वर ७५ टक्के भरपाई त्याच्याकडून मागता येते. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे