ज्या भावानं माझा चष्मा दर वेळी माझ्या हातात दिला, त्याला

भाऊ,

तुमचं नाव मी विचारलंच नाही. पावतीवर दुकानाचा शिक्का आहे, खाली सही आहे, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखी, लागत नाही. म्हणून भाऊच म्हणते. आपल्या खान्देशात अनोळखी माणसाला हाक मारायला तेवढं पुरतं.

नवा चष्मा नाकावर चढून आज अठरा दिवस झाले. त्या दिवशी धुळ्याच्या आग्रा रोडमागच्या गल्लीतून मी तुम्हाला धड थँक्यूसुद्धा न म्हणता निघाले. साक्रीची गाडी चुकेल असं म्हणाले होते. गाडीला अजून पाऊण तास होता. गळा दाटून आला होता आणि चष्म्याच्या दुकानात रडणारी बाई मला व्हायचं नव्हतं, हे खरं कारण.

माझा नंबर तुम्हाला पाठ असेल, बाकीच्यांसाठी सांगते. उजवा मायनस ८.५, डावा मायनस ८. चष्मा काढला की मला साधारण १२ सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडं जास्त. त्यापुढे सगळा रंगांचा चिखल. आता फ्रेम निवडायची तर अंगावरचा चष्मा काढावा लागतो, आणि काढला की आरसा दिसत नाही. बरं, आरशात माणूस तितकाच मागे दिसतो जितका तो पुढे उभा असतो. म्हणजे स्वतःला नीट बघायचं तर डोळा आरशापासून सहा सेंटिमीटरवर न्यायचा. तिथून एक डोळा आणि नाकाचा शेंडा दिसतो. फ्रेम शोभते की नाही, हे त्यावरून कोणी ठरवून दाखवावं.

चष्मा लागला तेव्हा मी सहावीत होते. आज चव्वेचाळीस वर्षांची आहे. मधल्या काळात चौदा-पंधरा फ्रेमा झाल्या असतील, आणि त्यातली एकही मी बघून घेतलेली नव्हती. पहिली आबांनी घेतली. शेलची म्हणजे प्लॅस्टिकची, जाड, चॉकलेटी. 'पडली तरी फुटायची नाही' हा एकच निकष. घरी आल्यावर आई चुलीपाशी बसून म्हणाली, "पोरले चष्मा लागना, आते लगीन कसं व्हई?" लग्न झालं, २००४ साली. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून माझा चष्मा काढून मामीच्या पर्समध्ये ठेवला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, आणि माझ्यापुढे माझा स्वतःचा दुसरा अंतरपाट होताच. नवरदेव मी फोटोत पाहिले, आठ दिवसांनी.

त्यानंतरच्या फ्रेमा यांनी घेतल्या. माणूस वाईट नाही. पण दुकानात शिरल्यापासून त्यांचं लक्ष घड्याळाकडे. मी फ्रेम चढवून आंधळ्यासारखी त्यांच्याकडे तोंड करायची, ते म्हणायचे, "छान दिसतंय." दुसरी चढवली की, "हे पण छान दिसतंय." शेवटी जी दुकानदाराच्या हातात असेल ती यायची.

गेल्या वर्षी लेकीच्या हट्टानं एका मोठ्या शहरातल्या एका चकचकीत दुकानात गेले. नाव लिहीत नाही, लिहून काय मिळणार. तिथल्या पोरानं टॅबलेट माझ्या तोंडासमोर धरला आणि सांगितलं, "मॅडम, तुमचा राउंड फेस आहे." ते मला आरशाशिवायही माहीत होतं, पोळीसारखा गोल चेहरा आमच्या घराण्याचाच. मग भिंतीवरचा तक्ता दाखवला. गोल चेहऱ्याला रुंद चौकोनी फ्रेम, चौकोनी जबड्याला गोलसर, लांब चेहऱ्याला उभट खोल, रुंद कपाळ आणि निमुळती हनुवटी असेल तर खालच्या बाजूला वजन देणारी. चेहऱ्याला जे नाही ते फ्रेमनं द्यायचं, असा सगळा हिशेब. मला पटला. त्यानं भली मोठी चौकोनी फ्रेम चढवली, ट्रेंडमध्ये आहे म्हणाला. माझा जुना चष्मा त्यानं कधी उचलून ट्रेमध्ये टाकला आणि ट्रे कधी पलीकडे गेला, मला कळलं नाही. मी काउंटरवर हातानं चाचपडत होते. मागे दोघीजणी हसल्या. माझ्यावरच हसल्या असतील असं नाही, पण ज्याला दिसत नसतं त्याला प्रत्येक हसू आपल्यावरच वाटतं.

त्या चष्म्यानं माझं वर्ष खाल्लं. वह्या तपासायला मान खाली घातली की तो टेबलावर. मे महिन्यात तर घामानं नाकावर थांबेच ना. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खड्डे. कडेला भिंग इतकं जाड की बाजूनं बघणाऱ्याला बाटलीचा बूड दिसावा. आणि समोरून बघितलं तर भिंगाच्या आतून कानशिलाची कड आत ओढल्यासारखी, चेहऱ्याला जणू कोणी चावा घेतलाय. तिसरीतल्या एका पोरानं शिक्षक दिनाला माझं चित्र काढलं. दोन मोठी वर्तुळं, खाली साडी. तोंड काढायचं तो विसरला होता. तसं गांधीजींचं चित्रही दोन वर्तुळांत होतं म्हणा, पण ते गांधीजी.

म्हणून तुमच्याकडे आले तेव्हा मी ठरवूनच आले होते. रिमलेस द्या, भिंगाभोवती काठच नसलेला, चष्मा दिसलाच नाही पाहिजे. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. जुना चष्मा मागितलात, काडीची आतली बाजू उजेडात धरून त्यावरचे बारीक आकडे वाचलेत, ५६ आणि १७, आणि हसलात. मग मला समजावलंत. एक भिंग ५६ मिलिमीटर रुंद, मधला नाकावरचा भाग १७, बेरीज ७३. माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर ६०. म्हणजे डोळा भिंगाच्या मध्यावर येतच नाही, नाकाकडे सरकतो, आणि बाहेरची सगळी जाड कड तशीच उरते. मायनसचं भिंग मध्ये पातळ, कडेला जाड. फ्रेम जितकी मोठी, तितकी ती जाडी पदरात. रिमलेसमध्ये तर ती उघडीच पडली असती. तक्त्याचं मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तक्ता खोटा नाही ताई, पण त्याला तुमचा नंबर कुठे माहीतय." इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या तोंडालाच चष्मा शोभत नाही.

पण भाऊ, हे पत्र त्या गणितासाठी नाही. गणित चांगल्या दुकानदाराला यायलाच हवं.

तुम्ही नऊ फ्रेमा काढल्यात. मला दाराजवळच्या स्टुलावर बसवलंत, उजेडाकडे तोंड करून. माझा मोबाइल मागून घेतलात. एक फ्रेम चढवायची, समोरून एक फोटो, बाजूनं एक. मग फ्रेम काढायची, आणि लगेच माझा जुना चष्मा माझ्या तळहातावर. भिंगं फडक्यानं पुसलेली, काड्या उघडलेल्या, नाकाची बाजू माझ्याकडे. म्हणजे मला फक्त उचलून घालायचा. नऊ वेळा. एकदाही तो काउंटरवर ठेवला नाहीत, एकदाही मला हात फिरवून शोधावा लागला नाही. चौथ्या वेळी फोन वाजला, तर फोन वाजू दिलात आणि आधी चष्मा हातात दिलात. दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

ज्यांचा नंबर दोन-अडीच आहे त्यांना यात विशेष काय ते कळणार नाही. चष्मा काढल्यावरचे ते काही क्षण आमच्यासाठी काय असतात, हे आम्हालाच माहीत. पूर्वी एकदा एसटी स्टँडवर गर्दीत माझा चष्मा पायाखाली गेला होता. समोर पाच गाड्या उभ्या आणि एकीचीही पाटी वाचता येईना. एका कंडक्टरनं काही न विचारता मला कोपराला धरून पिंपळनेरच्या गाडीत बसवलं आणि वर ड्रायव्हरला सांगितलं, "बाईले दिखत नही, साक्रीले उतार." त्याचेही आभार राहिलेच आहेत. चांगुलपणाच्या मोठमोठ्या गोष्टी आम्ही शाळेत परिपाठाला सांगतो, पोरं जांभया देतात. फडक्यानं पुसलेला चष्मा उघडून हातात देणं, यावर परिपाठ कसा घ्यावा मला अजून सुचलेलं नाही.

नऊ झाल्यावर तुम्ही मोबाइल माझ्यासमोर धरला. मी चष्मा घातलेला, आणि मोबाइलमध्ये मी, नऊ चष्म्यांमध्ये. हे मागून पुढे आले आणि सवयीनं म्हणाले, "तो तिसरा छान आहे." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाहीत. मला विचारलंत, "ताई, तुम्हले कोनती आवडनी?"

इतका वेळ तुम्ही माझ्याशी दुकानातलं मराठी बोलत होता. साक्रीची म्हटल्यावर की काय, तेवढं एकच वाक्य अहिराणीत आलं. ते ऐकून मला काही सुचेना. फ्रेम कोणती आवडली, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, कोणत्याच भाषेत. मी बराच वेळ फोटो मागेपुढे करत राहिले. यांनी दोनदा घड्याळ बघितलं. तुम्ही स्टुलाशेजारी उभे राहून फडकं घडी करत होता.

सातवी घेतली. ४६ आणि १६, बेरीज ६२, म्हणजे डोळा जवळजवळ बरोबर मध्यावर. आडवी, पण कोपरे मऊ, वरची रेघ भुवईच्या रेघेबरोबर चालते. पुढचा भाग शेलचा, गडद तपकिरी, म्हणजे भिंगाची कड त्यात लपते. नाकावर मात्र हलवता येणारे पॅड, कारण माझं नाक बसकं आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक. भिंग १.६७ चं, म्हणजे जास्त नंबरातही पातळ राहणारं, चमक मारणार नाही असं कोटिंग केलेलं. घ्यायला आले तेव्हा डाव्या काडीचं टोक गरम करून कानामागे थोडं जास्त वाकवलंत, कारण माझा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. मी घाबरून विचारलं, चेहरा वाकडा आहे का माझा? तुम्ही म्हणालात, बहुतेकांचे कान वरखालीच असतात. माझेसुद्धा, असं म्हणून स्वतःच्या कानाला हात लावून दाखवलात.

घरी आले. आई आता एकोणऐंशीची, तिलाही कमी दिसतं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून जवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुना डोया मोठा शेत व्हय." म्हणजे, तुझे डोळे मोठे आहेत की. मायनसच्या भिंगामागे डोळे बारीक दिसतातच, आता लहान फ्रेमच्या मध्यावर आल्यामुळे निदान आहेत असं कळतं, एवढंच. पण मी तिला ते समजावत बसले नाही.

ते अठरा फोटो अजून मोबाइलमध्ये आहेत. लेक म्हणते, जागा खातात, उडव. मी उडवत नाही. त्यात दोन-तीन फ्रेमा भयंकर आहेत, पाचवीत तर मी आमच्या केंद्रप्रमुखांसारखी दिसते. पण त्या भयंकर आहेत हे मला कोणी सांगितलेलं नाही, माझं मला दिसलं.

एक काम होतं. डाव्या पॅडचा स्क्रू जरा ढिला झालाय, वह्या तपासताना हलतो. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटल्यावर दुपारच्या गाडीनं येते. आईला सोबत आणते आहे. तिचा चष्मा आबांनी घेतलेला आहे. नऊ फ्रेमा काढून ठेवा, आणि तिच्याशी अहिराणीतच बोला, दुसरं तिला फारसं आवडत नाही. येताना कळण्याची भाकरी आणि ठेचा आणते. नाही म्हणू नका.

तुमची,
साक्री तालुक्यातली एक प्राथमिक शिक्षिका