खरवड

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "आई, ग्रुपवर फळ्याचा फोटो फिरतोय, खरा आहे का?" आणि मी "कालवण करपतंय" म्हणून फोन ठेवून दिला. कालवण करपत नव्हतं. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती. पण ते उत्तर मला दोन शब्दांत देता येईना, आणि फोनवर मी जरा लांबण लावली की तुझं "हं, हं" सुरू होतं. म्हणून आज रविवारचं लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस. नववीतून शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे.

फोटो खरा आहे. आपल्याच प्रशालेचा फळा, ऑफिसच्या भिंतीवरचा. परिपाठाला अजूनही सगळं तसंच चालतं. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, मग बातम्या आणि शेवटी पसायदान. फक्त बातम्या आता पेपरातून कमी आणि मोबाइलवरून जास्त येतात. कुठल्या देशात काय झालं, क्रिकेटमध्ये कोण हरलं, हेच रोज. त्याला कंटाळून मराठीच्या बाई म्हणाल्या, गावातली, शाळेतली एक तरी बातमी आणत चला, आणि ती स्वतः बघितलेली पाहिजे. आठवडाभर पोरांनी बोअर बिघडला, कुत्री व्याली असल्या बातम्या आणल्या. मग नववीची पाळी आली. निळ्या बसने तांड्यावरून येणारी एक पोरगी आहे, तू तिला ओळखत नसशील. तिने खडूने लिहिलं:

"आजची बातमी. नववी-दहावीची हजर मुले 61. डबा आणलेली 38. दुपारच्या सुट्टीत नळावर 23."

एवढंच. खाली सही नाही, उद्गारचिन्ह नाही. वाचून झाल्यावर ती खाली मान घालून रांगेत जाऊन उभी राहिली. मी तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते, हातातलं सूप तसंच राहिलं. तिचा स्वतःचा डबा होता बरं का. ती त्या 38 मधली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तीन दिवस सुट्टीत उभी राहून तिनेच मोजलं.

मोठ्या सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. परिपाठ संपल्याबरोबर मला बोलावणं. "मावशी, पोरीला तुम्ही सांगितलं का हे?" मी म्हटलं, "नाही सर. पण आकडा बरोबर आहे." ते काही बोलले नाहीत. फळा पुसायला डस्टर घेऊन शिपाईमामा उभेच होते. सरांनी त्यांना चहा आणायला पाठवलं. मग फळा दिवसभर तसाच राहिला आणि दहावीच्या कुणीतरी फोटो काढला. मी सरांना तेवढ्यापुरतं मानलं. एरवी ते पावतीच्या कागदालाही घाबरतात.

आता तुझ्या दोस्तांनी ग्रुपवर लिहिलंय म्हणे, "शाळेतल्या मावश्या पोरांना जेवू देत नाहीत." त्यांना हिशोब समजावून सांग. शाळेतला सरकारी आहार आठवीपर्यंतच. पाचवीच्या लेकराला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. परवा सहावी ते आठवीची 94 पोरं हजर होती, म्हणजे 14 किलो 100 ग्रॅम. तेवढाच तांदूळ कोठीतून निघतो, तेवढंच ॲपवर चढतं. वाढायच्या आधी गुरुजी चव घेतात, चव रजिस्टरला सही करतात. शिक्षण हक्काचा कायदाच 2009 चा, सहा ते चौदा वर्षांचा. पुस्तकं फुकट आठवीपर्यंत, गणवेश आठवीपर्यंत, उसाला गेलेल्यांच्या लेकरांचं हंगामी वसतिगृह तेही आठवीपर्यंत. जूनमध्ये पोरगं नववीच्या वर्गात बसलं की सरकारच्या लेखी ते मोठं झालं. आणि भूक तर नववीतच लागते रे! तू त्या वर्षी हाताच्या चार बोटांएवढा वाढलास, पँट दोनदा खाली सोडली मी.

माझ्या लहानपणी तर शिजवलेलंही नव्हतं. 1995 ला योजना आली तेव्हा मी दुसरीत होते. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, पण हजेरी 80 टक्के पाहिजे. तुझी आजी मला ताप असला तरी शाळेत बसवून यायची. त्या तांदळाला बारीक खडे असायचे आणि आम्ही भाकरी खाणारी माणसं, भात म्हणजे सणाचं. पाचवीपर्यंतच तो. आता सहावी ते आठवीला मिळतं हे पण 2008 पासून. म्हणजे रेघ पुढे सरकते, पण एकेक सरकायला किती पावसाळे जातात बघ.

ते असू दे. मला जे फोनवर बोलता आलं नाही ते वेगळंच आहे.

तू नववीत होतास. त्याच साली, 2023 च्या नोव्हेंबरात, आठवड्यातून एक अंडं द्यायचा जीआर आला. न खाणाऱ्याला केळं. पहिल्या दिवशी शाळेत नुसती जत्रा. पोरांनी सकाळपासून खिडकीतून डोकावून आम्हाला भंडावलं. आम्ही तिघींनी मोठ्या पातेल्यात अंडी उकडली, टरफलं काढता काढता बोटं पांढरी झाली. वर्गवार रांगा लागल्या. आठवी संपली. मी झाऱ्याने पातेल्याच्या तळाशी बघितलं तर एक अंडं उरलेलं. सकाळी हजेरी देऊन एक पोरगं पोट दुखतं म्हणून घरी गेलं होतं, त्याचं.

आणि दारात तू. हातात ताट नाही, नुसता उभा. म्हणालास, "आई, खरवड आहे का गं?"

तू रोज यायचास खरवडीला. खिचडी खाली लागली की जी कडक खपली निघते, ती तुला फार आवडते असं तू सगळ्यांना सांगायचास. नववी-दहावीची अजून चार-पाच पोरं यायची तुझ्यामागे. खरवड रजिस्टरला नसते, तिला कुणी विचारत नाही. मीही उलथन्याने खरडून हातावर द्यायचे आणि मनात म्हणायचे, आवडते पोराला. वर्षभर म्हणत राहिले. आठवीपर्यंत तू कधी खरवड मागितली होतीस का, हे मला एकदाही आठवून बघावंसं वाटलं नाही. की आठवून बघायचं नव्हतं, देव जाणे.

त्या दिवशी अंड्यांच्या नादात खिचडी नीट ढवळली होती, खाली लागलीच नाही. मी म्हटलं, "आज नाही." तू म्हणालास, "बरं, मला भूक नाही तशी," आणि नळाकडे गेलास. ते अंडं माझ्या झाऱ्यात होतं. दोघी जणी बघत होत्या, दाराशी गुरुजी होते. मला वाटलं, उद्या गावात होईल, स्वयंपाकीण शाळेचं अंडं आपल्या पोराला चारते. मी ते वाटीत घालून ऑफिसात नेलं आणि "एक शिल्लक" असं लिहून घ्यायला लावलं. संध्याकाळी झाडलोट करताना बघते तर वाटी टेबलावर तशीच. वर एक माशी.

तेव्हापासून तुला सांगायचं होतं. तुझे पप्पा म्हणतात, नियमाने वागलीस, त्यात काय चुकलं. नियमाने वागले हे खरंच आहे.

अंड्याचंही पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. 2025 च्या जानेवारीत त्याचे वेगळे पैसे बंद झाले, लोकवर्गणी जमली तर द्या म्हणाले. उसाच्या हंगामात अर्धं गाव रिकामं, वर्गणी देणार कोण?

फळ्याच्या बातमीनंतर बैठक झाली, बरं का. समितीचे लोक, दोन-तीन पालक, सगळे गुरुजी. एक जण म्हणाले, "नववीची पोरं म्हणजे बाप्ये झाले, त्यांना काय भरवायचंय?" मी बैठकीत कधी बोलत नाही, मी चहा देते. त्या दिवशी कपबशा खाली ठेवल्या आणि म्हटलं, "त्या 23 मधल्या पोरांचे आईबाप दिवाळीपासून कारखान्यावर आहेत. घरी म्हातारी आहे. तिला दिसत नाही, ती सकाळी भाकरी कशी थापणार?" सगळे गप्प. ठराव लिहिला गेला, वर पाठवायचा म्हणाले. तो वर जाऊन खाली येईस्तोवर ही पोरं लग्नाला येतील.

पण दहावीच्या पोरींनी स्वतःचं एक काढलं. ज्याला जमेल त्याने डब्यात एक भाकरी जास्त आणायची आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या टोपलीत ठेवायची. कोण ठेवतं, कोण घेतं, बघायचं नाही. ऐकायला छान वाटतं ना? पहिल्या दिवशी 30 भाकऱ्या जमल्या आणि एकानेही उचलली नाही. लाज. दुसऱ्या दिवशी टोपलीला मुंग्या. मग बाईंनी डोकं चालवलं, स्वतः सगळ्यांसमोर जाऊन एक भाकरी घेतली आणि ठेच्याबरोबर तिथेच उभ्याने खाल्ली. त्यानंतर उचलायला लागली पोरं. आता मात्र आणणारेच कमी झालेत, परवा 11 होत्या. मीही घरून चार नेते. पीठ आपलं, जळण आपलं, ते कुठल्याच रजिस्टरला लागत नाही.

तुमच्या बॅचने पैसे जमवलेत आणि शाळेला मोठा स्पीकर घ्यायचं चाललंय म्हणालास. स्पीकर नको. आहे त्या स्पीकरने स्नेहसंमेलनात दोन दिवस कान किटले. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर शेंगदाणे आणि गूळ घ्या. शिजवायचं नाही, म्हणून आमच्या पातेल्याचा आणि हिशोबाचा संबंध येत नाही, आणि ओंजळभर खाल्लं की पोरगं शेवटच्या तासापर्यंत तग धरतं. पैसे माझ्या हातात देऊ नका, मोठ्या सरांच्याही नको. माल दुकानातून थेट बाईंकडे पोचू दे. आणि पोत्यावर बॅचचं नाव घालायचं नाही, फोटो तर अजिबात काढायचा नाही. त्या फोटोत खाणारी पोरंच येतात, देणारी नाही.

बाकी शाळेचं ठीक. विज्ञानाच्या सरांची बदली झाली, पोरी रडल्या, पोरं गच्चीवर जाऊन बसली. कबड्डीत तालुक्याला हरलो. आठवीची दोन पोरं शिष्यवृत्तीच्या परीक्षेची कसून तयारी करत होती, महिन्याला हजार रुपये, चार वर्षं. निकाल यायचाय. तू दोन मार्कांनी हुकला होतास ती. दहावीच्या सराव परीक्षा चालू आहेत, कॉपी करणार नाही अशी शपथ रोज घेतात आणि दुपारी एकमेकांना विचारतात, तुझा नंबर कुठे आलाय.

पप्पांचा ऊसतोडीवरून फोन आला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे एकटे म्हणजे अर्धा कोयता म्हणून मुकादम कुरकुर करतो, पण आगाऊ घेतलेली उचल फिटेल म्हणाले. मी सोबत नाही याचं त्यांनी आजवर एकदाही काढलं नाही. माझे महिन्याचे अडीच हजार, तेही वर्षातले दहाच महिने आणि येतील तेव्हा, हे त्यांना माहीत आहे. तरी म्हणतात, तू तिथेच थांब.

गावातला पोरगा मंगळवारी पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पाठवते. दशम्या चार दिवस टिकतात, आधी त्या संपव. स्टीलचा डबा परत पाठव, मागचा अजून आला नाही. रविवारी रात्री मेस बंद असते असं तू एकदा बोलून गेलास. त्या रात्री काय खातोस ते मला पत्रात लिही. "भूक नव्हती" असं लिहू नकोस.

तुझी,
आई